सत्तेचाळीस टोमणे

पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून, नाहीतर मला काही कळलंच नसतं. ऐका ना, हसू नका, खरंच एवढंच झालं. बुधवार होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील, मी दात बनवायच्या त्या लॅबमध्ये माझ्या कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसले होते, मांडीवर फॉर्म, फॉर्मवर रकाने, हातात पेन्सिल, आणि भट्टीवाल्या ताई शेडवाल्या काकांच्या टेबलाशी येऊन नेहमीसारख्या ठणकावून म्हणाल्या, "काय काका, दात रंगवताय की घर? दुसरा हात मारायला शिडी आणू का?" सगळे हसले. मी टिक करायला पेन्सिल टेकवली आणि टोक कट्‌कन मोडून कुठेतरी उडालं. ते कुठे गेलं बघायला मी मान वर केली, बस, एवढंच. वर केली तर ताईंचं तोंड काकांच्या चेहऱ्याकडे होतं, सगळ्या खोलीचे डोळेही काकांच्या चेहऱ्याकडे होते, आणि ताईंच्या उजव्या हाताचं एक बोट, फक्त एक, काकांच्या रंगांच्या थाळीच्या काठावर होतं. ती थाळी म्हणजे पांढऱ्या चिनीमातीची गोल बशी, काठाला आठ रंगांचे आठ ठिपके. बोटानं थाळी फिरली, अर्धी गिरकी आणि वर थोडी, आणि थांबली. काकांनी थाळीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा ब्रश सरळ पुढे आला आणि त्यांच्या पोटासमोर जो ठिपका आला होता त्यात बुडला. "बरं, बाईसाहेब," असं म्हणाले ते, दर वेळी म्हणायचे तसंच. ताई भट्टीकडे परत गेल्या. चार सेकंद, फार तर पाच. मी टोक मोडलेली पेन्सिल धरून बसून राहिले, कारण आदल्याच दिवशी, मंगळवारी, त्या खोलीच्या दारावर एक नोटीस लागली होती आणि ती माझ्यामुळे लागली होती.

आज सांगते, कारण आता सांगून कोणाचं काही बिघडणार नाही. तर माझं काम काय होतं, तर बघणं. आमच्या सरांचा अभ्यास होता, माणसं कामाच्या जागी एकमेकांशी कशी वागतात, कोण कोणाकडे जातं, कोण कोणाला टाळतं. ही लॅब स्वतःहून आमच्याकडे आली होती, कारण दोन वर्षांत त्यांची पाच चांगली माणसं सोडून गेली आणि का गेली ते मॅनेजरला उमगेना. सरांनी सात रकाने पाडले होते: मदत मागितली, मदत दिली, काम सांगितलं, गप्पा, विनोद, टोमणा, गप्प. कोणी तोंड उघडलं की मी टिक करायची, कोणी कोणाला, किती वाजता. उघडलं नाही तरी दर पाच मिनिटांनी 'गप्प'ला टिक. लॅबमधल्या लोकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव टिकबाई ठेवलं. प्लास्टरच्या टेबलावरचा एक जण होता, तो शिंकला की माझ्याकडे वळून विचारायचा, "टिकबाई, ही कुठल्या रकान्यात?" मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू. पहिलीच नोकरी, पहिलाच फॉर्म, आणि मला वाटायचं की अख्खं जग रकान्यांत बसतं, आपल्याला फक्त नीट बसवता आलं पाहिजे. खोलीही मला आवडायची. सकाळी प्लास्टरचा ओला, थंड वास, मग घासायच्या मशिनी सुरू झाल्या की हवेत पांढरी भुकटी, ती पापण्यांवर बसायची. जिकडे बघावं तिकडे जबडे. टेबलावर, फळीवर, खिडकीत, ओळीनं मांडलेले माणसांचे जबडे, माणसं नसलेले. प्रत्येकाच्या ट्रेमध्ये एक कार्ड, कार्डावर डॉक्टरनं लिहिलेला शेडचा नंबर, म्हणजे नवा दात शेजारच्या दातांना मिळताजुळता कुठल्या रंगाचा हवा ते. दात पांढरे असतात असं आपण म्हणतो. तिथे तीन आठवडे बसलात की परत म्हणणार नाही. पिवळट पांढरे, राखी पांढरे, मुळाशी तपकिरी आणि टोकाला निळसर, खिडकीतलं ढगाळ आकाश काचेतून दिसावं तसे. हे सगळे रंग काकांच्या हातात होते. बत्तीस वर्षं. दात आधी ताई भाजून द्यायच्या, मग काका त्याच्यावर केसासारख्या ब्रशनं रंग चढवायचे, मग तो परत ताईंच्या भट्टीत जायचा आणि बाहेर आला की कायमचा, मग त्यात बदल नाही.

आणि ताई दिवसभर काकांना टोचायच्या. मी मोजलेत ना, तीन आठवड्यांत सत्तेचाळीस. "काका, हा माणूस स्वतःच्या लग्नाला जाणार आहे दात लावून, नातवाच्या नाही." "ब्रश आहे की खराटा?" "काल रात्री घोरण्यात सगळी ताकद गेली वाटतं, हात उचलेना आज." काका साठीला टेकलेले, पाठीत वाकलेले, शर्टाची वरची बटणंसुद्धा लावणारे, आणि समोर ह्या पन्नाशीच्या, भरभक्कम, भट्टीसमोर उभ्या राहून चेहरा कायम तापलेला. काका कधी उलटून बोलले नाहीत. "बरं, बाईसाहेब." तेवढंच. मला इतका राग यायचा ताईंचा, तुम्हाला सांगते, मी टिक करताना पेन्सिल दाबून करायचे, टोमण्याच्या रकान्यात कागद मागून टोचलेला दिसायचा. तिसऱ्या शुक्रवारी मी सरांना पहिला अहवाल लिहून दिला आणि त्यात एक वाक्य होतं: एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याला सहकाऱ्याकडून रोज, सर्वांसमोर, एकतर्फी लक्ष्य केलं जातं आणि त्याने प्रतिकार करणं सोडून दिलं आहे. सर म्हणाले, वाक्य चांगलं बांधलंयस. मी ते वाक्य बसमध्ये मनातल्या मनात म्हणत घरी गेले, गाणं डोक्यात बसतं ना तसं. सोमवारी ते मॅनेजरकडे गेलं. मंगळवारी नोटीस: भट्टीवाल्या ताई पुढच्या सोमवारपासून वरच्या मजल्यावर, कवळ्यांच्या विभागात. कारण काही लिहिलं नव्हतं, पण माझ्या स्टुलाकडे बघून सगळ्यांनी वाचलं. प्लास्टरवाल्यानं त्या दिवशी शिंकल्यावर काही विचारलं नाही.

मला इतका राग का यायचा हे मी सरांना मुलाखतीत सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, हाच विषय का? मी काहीतरी भारदस्त बोलले होते, माणूस आयुष्याचा तिसरा भाग कामावर काढतो वगैरे. खरं कारण आमच्या घरचं जेवणाचं टेबल. आई बाबांना टोचायची. माझे बाबा एका कचेरीत नकाशे काढायचे, शांत माणूस, घरात आले की चपला काढल्याचाही आवाज नाही. आणि जेवायला बसलं की आई सुरू. "ताटाकडे बघून जेवा, ताट पळून नाही जात." "आज काय, मौनव्रत? की बोलायचे पैसे पडतात?" पाहुणे असले की तर अजूनच. मी आणि माझा भाऊ मान खाली घालून जेवायचो. मला तेव्हाही वाटायचं की हे कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, कोणीतरी मोठ्या माणसानं यावं, कोपऱ्यात बसावं, आणि शेवटी कागद आईसमोर धरावा, बघा, इतक्या वेळा. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तो कागद धरायचा राहूनच गेला. म्हणजे लॅबमध्ये मी कोणासाठी टिक करत होते हे मला आत कुठेतरी माहीत होतं, पण ते त्या सात रकान्यांत कुठेच बसत नव्हतं म्हणून मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तर त्या बुधवारी पेन्सिल मोडल्यावर मी दुसरी काढलीच नाही. पिशवीत तीन होत्या. फॉर्म तसाच मांडीवर ठेवून मी नुसती बघत बसले, आणि बघणं किती वेगळं असतं माहितीये? पावणेबारा वाजता ताई आल्या, "काका, मुहूर्त बघून बुडवता का ब्रश?" बोट, थाळी, पाव गिरकी. साडेबाराला परत. "हाताला मुंग्या आल्या की मुंगळे?" ह्या वेळी थाळी फिरली नाही, बोटानं तिला नुसतं धरलं, म्हणजे आहे तिथेच बरोबर आहे. आणि दर वेळी सगळी खोली काकांच्या तोंडाकडे बघून हसत होती, थाळीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग एक वाजता ताईंना वर बोलावलं, नव्या जागेची भट्टी दाखवायला, आणि त्या वीस मिनिटं नव्हत्या. काकांनी ब्रश धुतले. टेबल पुसलं. परत पुसलं. ट्रेमधली कार्डं सरळ केली, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाणी प्यायले. रंगाला हात लावला नाही. मला आठवलं, हे तर मी तीन आठवडे बघतेय, ताई जागेवर नसल्या की काका असेच वेळ काढतात, आणि मी त्याला 'गप्प'मध्ये टिक करून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ताण ओसरल्यावर विश्रांती. वा. काय शहाणी. माझी मान दर टोमण्याला खाली जायची, हेच तर. ज्या क्षणी ताईंचं तोंड उघडायचं त्याच क्षणी मी लिहायला वाकायचे. सत्तेचाळीस वेळा मी बरोबर त्या पाच सेकंदांना जमिनीकडे बघत होते. आणि समजा वर बघितलं असतं तरी काय केलं असतं, माझ्या फॉर्ममध्ये तोंडाला सात रकाने होते, हाताला एकही नव्हता.

घरी जाऊन मी जुने फॉर्म काढले आणि काकांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. दुसऱ्या आठवड्यात घेतली होती मी ती, जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत, दार लावून. माझा आवाज इतका गोड, की मलाच कसंसं झालं. "काका, ताई तुम्हाला बोलतात त्याचा त्रास होतो का?" काका म्हणतात, "छे." मी म्हणते, "मोकळेपणानं सांगा." मग लांबून मशिनीचा आवाज, आणि काका अगदी सरळ, स्वच्छ म्हणतात, "ती बोलली नाही तर माझं काम होत नाही." ह्या वाक्याखाली मी लाल रेघ मारली होती. बाजूला लिहिलं होतं, सवय, अवलंबित्व. त्या माणसानं मला काय ते तोंडावर सांगितलं होतं आणि मी त्याला लाल रेघ मारून बाजूला ठेवलं. मग टोमणे वाचले, सगळे, ओळीनं, कारण मी ते शब्दन्‌शब्द उतरवले होते. काकांचा हात, काकांचे पाय, टक्कल, घोरणं, जेवण, शर्ट, बायको, चालणं, सगळं होतं. डोळे एकदाही नव्हते. सत्तेचाळीस टोमण्यांत एकदाही नाही. माणूस रंगाचं काम करतो, चुकतो, आणि त्याला टोचणारी बाई, जिच्या जिभेला हाड नाही असं मी समजत होते, ती एकदाही 'दिसत नाही का' म्हणत नाही. तुमच्या-माझ्या तोंडी पहिल्यांदा तेच आलं असतं.

गुरुवारी मी ताईंना हात धुवायच्या नळापाशी गाठलं. त्या कोपरापर्यंत पांढऱ्या होत्या. मी म्हणाले, "ताई, मी काल थाळी बघितली."

त्यांनी नळ बंद केला नाही, उलट मोठा केला. "कुठली थाळी?"

"काकांची. तुम्ही फिरवता ती."

"कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग आता तरी का बोलतेस?" असं म्हणून त्यांनी साबण लावला, धुतला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डोळ्यांच्या पडद्याचं आहे त्यांचं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचा उपयोग नाही. आकार दिसतात, केसाएवढी भेग दिसते, रंगच विरत चाललेत. मला कसं कळलं विचारशील, तर माझ्याकडे भट्टीत घालायला चुकीचा दात आला एक दिवस. बत्तीस वर्षांत पहिला. मी परत नेऊन ठेवला आणि थाळी फिरवली. त्यांनी ब्रश बुडवला. झालं."

"तुम्ही दोघं ह्यावर काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?"

"कधीच?"

"अगं, बोलायचं असतं तर थाळी कशाला फिरवली असती?"

मी मूर्खासारखं विचारलं, की मग टोमणा कशाला, हळूच कानात सांगायचं ना. ताई पहिल्यांदा हसल्या. "टिकबाई, कानात बोललं की अख्खी खोली कान देते. ठणकावून बोललं की कोणी ऐकत नाही. एवढं शिकलीस आणि एवढं माहीत नाही?" मग हात झटकले. "अकरा महिने राहिलेत त्यांच्या निवृत्तीला. अकरा. तेवढे काढायचेत."

मी म्हणाले, मॅनेजरला नीट समजावून सांगितलं तर? माणूस वाईट नाही. ताई म्हणाल्या, "मुळीच वाईट नाही. समजून घेईल. डोळ्यांत पाणी आणील, फुलं देईल, फोटो काढील आणि घरी पाठवील. काकांना घरी कोण आहे? बायको गेली, मुलगा लांब. हा ब्रश आहे." आणि मग जाता जाता, पाठमोऱ्या, "पेशंटचं काय, असा प्रश्न पडला असेल तुला. पडायलाच हवा. माझ्या भट्टीतून एक दात चुकीचा बाहेर गेला असेल तर आणून दाखव. आता सोमवारपासून मात्र जाईल."

म्हणजे बघा कसं झालं. ताईंनी वर जायचं नसेल तर माझा अहवाल खोटा ठरायला हवा. अहवाल खोटा ठरवायचा तर सांगावं लागणार की तो टोमणा नव्हता, ती मदत होती. मदत म्हटलं की कसली मदत, आणि कसली ते सांगितलं की काका त्याच दिवशी घरी. गप्प बसले तर सोमवारी ताई वर, आणि आठवड्याभरात पहिला चुकीचा दात, की काका तसेही घरी. दोन्ही वाटा एकाच दारात. मी गुरुवारी संध्याकाळी दोन थांबे आधी उतरून चालत गेले. रस्त्यावर सगळी माणसं कामावरून सुटलेली, आणि मला सगळ्यांचे हात दिसत होते. एक बाई फोनवर कडाकडा भांडत होती आणि दुसऱ्या हातानं सोबतच्या म्हाताऱ्याला फुटपाथच्या कडेला सरकवत होती. एक माणूस शेजारच्याशी इतकं गोड बोलत होता आणि खिशात मूठ आवळलेली. मला वाटलं माझं डोकं फिरलंय. घरी जाऊन मी आईला फोन लावला. म्हटलं, "आई, तू बाबांना जेवताना टोचून बोलायचीस ना, तेव्हा तुझे हात काय करत असायचे?"

"मी कधी टोचून बोलले?" आई म्हणाली.

"आई."

"बरं, बोलले असेन. चाळीस माणसांचं करून दमल्यावर माणूस काय आरती ओवाळतं?"

"चाळीस नाही, चार होतो आपण. हात सांग."

"हात कामात असतील, दुसरं काय. हे कसलं गं तुझं संशोधन, लोकांचे हात मोजायचे." मग तिनं तिकडे टीव्ही बंद केला. "नाही आठवत मला," ती म्हणाली, आणि आवाज एकदम खालचा, "खरंच नाही आठवत. तुला आठवतं?"

मला नाही आठवत. आईचे शब्द मला सगळे पाठ आहेत, कुठल्या वारी कुठला, मागे पाहुणे कोण. हात एकही आठवत नाही. मी मान खाली घालून जेवत होते ना. बाबांना कधी काही अडत होतं का, बोलताना, खाताना, माणसं ओळखताना, ती त्यांच्यापुढे काही सरकवत होती का, काही झाकत होती का, काहीच ठाऊक नाही मला. आणि असंही असेल की काहीच नव्हतं. प्रत्येक टोमण्याखाली थाळी असतेच असं नाही, काही टोमणे नुसते टोमणेच असतात. पण वीस वर्षं मी जो कागद आईसमोर धरायचा म्हणून मनात घडी करून ठेवला होता, तो उघडून बघितला तर त्याची अर्धी बाजू कोरी होती, आणि ती कोरी आहे हेसुद्धा मला आत्ता कळत होतं.

शुक्रवारी सकाळी मी सरांकडे गेले. सर चष्मा कपाळावर ठेवून काहीतरी वाचत होते. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, अहवाल मागे घ्यायचाय. माझ्या नोंदी चुकल्यात."

"किती?"

"टोमण्याचा सगळा रकाना."

सरांनी चष्मा खाली घेतला. "सत्तेचाळीस नोंदी एकदम कशा चुकतील? शब्द तर तू उतरवलेस. टोमणा नाही तर काय आहेत ते?"

"सांगता येत नाही, सर."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

मी काही बोलले नाही. सात रकान्यांतला सातवा. सर म्हणाले, "बस." मी बसले. म्हणाले, "हे बघ, विनोद म्हण, मी मान्य करतो. मदत म्हण, तेही करीन, कशी ते दाखव. पण 'टोमणा नाही, काय ते माहीत नाही' हे मी मॅनेजरला कसं लिहू?" आणि मला एकदम सुचलं की मला खोटं बोलायची गरजच नाहीये. एक खरं आहे आणि ते माझं एकटीचं आहे, त्यात दुसऱ्या कोणाचं काही जात नाही. मी म्हणाले, "सर, मी दर वेळी लिहायला मान खाली घालत होते. तोंड उघडलं की मान खाली. मी तीन आठवडे नुसतं ऐकलंय. बघितलेलं नाही. जे बघितलं नाही त्याला मी बघितलं म्हणून सही केलीय. हे लिहा."

सरांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. हुशार माणूस आहे हो, मला वाटतं त्यांना अर्धं तरी कळलं, निदान एवढं कळलं की उरलेलं विचारू नये. म्हणाले, "मग मला तीन आठवडे फेकून द्यावे लागतील. आणि पत्रात निरीक्षकाची चूक असं लिहावं लागेल. निरीक्षक एकच होती."

"हो, सर."

"पुढच्या वर्षी तुला परत बाहेर बसवता येणार नाही. आत काम आहे, रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायचं."

"हो, सर." बघा, काय शिक्षा. कानाला हेडफोन लावून दिवसभर नुसती तोंडं. बाहेर आले. घरी काय सांगायचं, तुम्हाला काय सांगायचं, की पहिल्याच नोकरीत मला नीट बसून बघता आलं नाही. तुम्ही सगळ्यांनी तेव्हा विचारलं होतंत ना, काय गं, काढलं का कामावरून, आणि मी म्हणाले होते, कंटाळा आला. तर असं होतं ते.

सोमवारी लॅबमध्ये गेले, दाराचं कार्ड आणि पांढरा कोट परत द्यायला. दारावर नोटीस नव्हती, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते. आतमध्ये गडबड होती. कुठल्याशा डॉक्टरचा माणूस बाहेर थांबला होता, समोरचा एक दात तासाभरात हवा होता, आणि मॅनेजर स्वतः काकांच्या पाठीशी उभा होता, हाताची घडी घालून. काकांचा ब्रश हवेत. थाळी टेबलावर, माझ्या कंबरेपासून वीतभर. आणि ताई अडीच पावलांवर भट्टीशी, दार उघडलेलं, लांब चिमट्यात दुसरी ट्रे अर्धी बाहेर आलेली, लालबुंद. ती अशी मध्येच सोडली तर तडकते, त्यांना हलता येत नव्हतं. काकांचा ब्रश खाली येईना. मॅनेजरनं घड्याळात बघितलं. मग काकांच्या खांद्यावरून पुढे वाकला, आणि ताईंनी तोंड उघडलं.

"या टिकबाई," ठणकावून, "आज कोणाला वर पाठवायला आलात?"

खोली हसली. सगळे वळले, मॅनेजरसुद्धा वळला, माझ्या चेहऱ्याकडे. इतके डोळे एकदम अंगावर आले की माझे कान तापले. आणि तेव्हा मला कळलं की ह्या जागी उभं राहिलं की हात किती मोकळे असतात. मी ताईंकडे बघत राहिले. ताई बोलत होत्या, बोलत होत्या, कोटाबद्दल काहीतरी, माझ्या पेन्सिलीबद्दल काहीतरी, प्लास्टरवाला मागून भर घालत होता, आणि माझं बोट थाळीच्या काठावर होतं. गार, गुळगुळीत काठ. मी तो हळूहळू फिरवत होते आणि रंगाकडे बघतसुद्धा नव्हते, मला काय कळणार होतं त्यातलं. सकाळी तो दात ताईंनीच भाजून दिला होता, त्याला काय हवं ते त्यांना पाठ होतं. त्या बोलत राहिल्या, मी फिरवत राहिले. त्या थांबल्या. मी थांबले.

काकांनी ब्रश बुडवला. "बरं, बाईसाहेब," ते म्हणाले, वर न बघता, पण थोडं माझ्या बाजूला.

ताई मला त्या दिवशी काय काय बोलल्या ते आज विचाराल तर त्या पहिल्या वाक्यानंतरचा एक शब्दही मला सांगता येणार नाही.